उडणारी मोटार आणि बिरसीची धावपट्टी

१९४० साली अमेरिकेत मोटारसम्राट हेन्री फोर्ड यांनी भाकीत केलं की विमान आणि मोटार एकाच वाहनात सामावलेली असतील, असा दिवस नक्की येणार. त्याच वर्षी इकडे गोंदियापासून दहा-बारा किलोमीटरवर, कामठ्याजवळच्या बिरसी गावच्या शिवारात इंग्रज सरकारने युद्धासाठी विमानतळ उभारला. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. पण ८० वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर त्या शेजारी ठेवून पाहाव्यात अशा आहेत. फोर्ड यांनी सांगितलेलं वाहन अजून घरोघरी आलेलं नाही. बिरसीच्या धावपट्टीने मात्र वैमानिक घडवले, प्रवासी विमानं पाहिली, अपघातांचं दुःखही सोसलं. उडणारी मोटार अडली कुठे, हे समजून घ्यायचं तर कारखान्यांइतकंच अशा धावपट्ट्यांकडेही पाहायला हवं. उडणं यंत्रामुळे शक्य होतं, पण ते रोजच्या व्यवहारात येतं ते जमिनीवरच्या व्यवस्थेमुळे.

काडीएवढी चूक

फोर्ड हवेत बोलत नव्हते. १९२६ साली त्यांच्या कंपनीने एका माणसापुरतं चिमुकलं विमान तयार केलं होतं. त्यांच्या स्वस्त मोटारीने जशी अमेरिका चाकांवर चढवली, तसं हे विमान सामान्य माणसाला आकाशात नेईल, अशी आशा होती. त्याचा वैमानिक हॅरी ब्रुक्स हा फोर्ड यांचा लाडका तरुण. फेब्रुवारी १९२८ मध्ये फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ समुद्रावर त्याच्या विमानाचं इंजिन बंद पडलं आणि तो गेला. तपासात आढळलं, की इंधनाच्या टाकीत दमट हवा शिरू नये म्हणून टोपणाच्या हवेच्या छिद्रात लाकडी काडी खोचलेली होती. छिद्र बुजलं, टाकीत हवा जाईना, इंजिनाला इंधन मिळेना. फोर्ड यांनी तो उद्योगच थांबवला.

मोटारीत अशी चूक झाली असती तर गाडी रस्त्याच्या कडेला उभी राहिली असती. बॉनेट उघडून कोणीतरी काडी काढली असती. हवेत रस्त्याची कडा नसते. पुढच्या शंभर वर्षांत उडत्या मोटारीच्या प्रत्येक कारागिराला याच सत्याला सामोरं जावं लागलं.

धानाच्या बांध्यांत धावपट्टी

त्या काळी गोंदिया हा मध्य प्रांत आणि वऱ्हाडातल्या भंडारा जिल्ह्याचा भाग होता. बंगाल-नागपूर रेल्वेच्या मुख्य मार्गावरचं जंक्शन, सातपुडा ओलांडून जबलपूरकडे जाणारी अरुंद रुळांची गाडी, धानाचा आणि बिडीचा व्यापार ही त्याची ओळख. सपाट मुलूख आणि हाताशी रेल्वे या दोन्ही गोष्टी विमानतळाला सोयीच्या होत्या. १९४२ मध्ये ब्रह्मदेश जपानच्या हाती गेल्यावर पूर्व आणि मध्य भारतातल्या धावपट्ट्यांचं मोल आणखी वाढलं.

पण झाडीपट्टीच्या भूमीत धावपट्टी बांधणं म्हणजे जमिनीचा धर्मच बदलणं. धानाच्या बांधीचं सगळं शहाणपण पाणी धरून ठेवण्यात असतं. धुरे मजबूत करायचे, पाणी अडवायचं, चिखल करायचा, मग रोवणी. धावपट्टीवर पाणी घटकाभरही थांबता कामा नये. खालची माती दाबून घट्ट करायची, वर खडीचे थर चढवायचे, पृष्ठभागाला दोन्ही बाजूंना उतार द्यायचा, कडेने नाल्या काढायच्या. एखाद्या पावसाळ्यात माती खचली तर वरचा थर फुटतो, आणि सुटलेला खडा वेगाने फिरणाऱ्या पंख्यात गेला की पातं चिरतं. विमान हवेत तासभर असो की पाच मिनिटं, त्याखाली ही सगळी मेहनत आधी झालेली असावी लागते.

युद्ध संपलं आणि बिरसीचं महत्त्व ओसरलं. धावपट्टी सार्वजनिक बांधकाम खात्याकडे गेली आणि तिथेच पुढची अनेक दशकं राहिली.

अमेरिकेतली पंख लावलेली गाडी

बिरसी शांत पडलेली असताना अमेरिकेत उडत्या मोटारीचा ध्यास ऐन भरात होता. युद्धात हजारो तरुण विमान चालवायला शिकले होते, कारखान्यांकडे ॲल्युमिनियम होतं, हातात कसब होतं. कॉनव्हेअर कंपनीने १९४७ मध्ये एका छोट्या मोटारीच्या टपावर पंख, शेपूट आणि विमानाचं इंजिन बसवलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये चाचणी उड्डाणात इंधन संपून ते खाली आलं. या वाहनात मोटारीची टाकी वेगळी आणि विमानाची वेगळी होती. वैमानिकाने मोटारीच्या टाकीचा काटा पाहून इंधन भरपूर आहे असं मानलं, असं या अपघाताबद्दल सांगितलं जातं. वैमानिक वाचला, पण प्रकल्पाचा जीव गेला.

मोल्टन टेलर यांची चिकाटी मोठी. त्यांची एरोकार १९४९ मध्ये उडाली. तिचे पंख आणि शेपूट दुमडून मागे ट्रेलरसारखे ओढून नेता येत. १९५६ मध्ये तिला अमेरिकी सरकारचं प्रमाणपत्रही मिळालं. म्हणजे ती उडत होती, रस्त्यावर धावत होती आणि कायद्यानेही मान्य होती. तरीही जेमतेम सहा गाड्या तयार झाल्या. मोठ्या कारखान्याने उत्पादनाची तयारी दाखवली ती ५०० मागण्या आल्या तरच, या अटीवर. तेवढ्या मागण्या आल्याच नाहीत. चांगली मोटार आणि चांगलं विमान वेगवेगळं घेणं लोकांना परवडत होतं, पण दोन्हींत मध्यम असलेलं एकच महाग वाहन घ्यायला माणसं धजावली नाहीत.

यामागे साधं गणित आहे. रस्त्यावरच्या गाडीला टकरीत माणूस वाचवायचा असतो, म्हणून तिला जाड पत्रा, बंपर, मजबूत सांगाडा लागतो. विमानाला एकेक किलो जड वाटतो. मोटार वाऱ्याने उचलली जाऊ नये अशी घडवतात, विमान वाऱ्याने उचललं जावं असं. १९७३ मध्ये कॅलिफोर्नियात हेन्री स्मोलिन्स्की यांनी फोर्ड पिंटो गाडीला सेसना विमानाचा मागचा भाग जोडला. ११ सप्टेंबरला चाचणीच्या वेळी पंखाचा आधार निखळला आणि स्मोलिन्स्की व त्यांचे सहकारी दोघेही ठार झाले.

बिरसी जागी झाली

ऑगस्ट १९९८ मध्ये बिरसीचा विमानतळ एमआयडीसीकडे आला. १ मे १९९९ रोजी गोंदिया स्वतंत्र जिल्हा झाला. २००५ च्या अखेरीस विमानतळ प्राधिकरणाने बिरसी ताब्यात घेतली. गोंदियाचे प्रफुल्ल पटेल तेव्हा केंद्रात नागरी विमान वाहतूक मंत्री होते. सव्वादोन किलोमीटरहून लांब धावपट्टी झाली, मोठं प्रवासी विमान उतरू शकेल अशी. २००८ च्या सुमारास प्राधिकरण आणि कॅनडाची सीएई कंपनी यांच्या भागीदारीतून राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्था इथे सुरू झाली. रायबरेलीजवळच्या फुरसतगंजची इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमीही उत्तरेतल्या धुक्यातून सुटका म्हणून हिवाळ्यात इथे तळ ठोकू लागली. देशभरातली मुलंमुली गोंदिया स्टेशनवर उतरून बिरसीचा रस्ता धरू लागली.

त्यांची सकाळ कशी सुरू होते ते पाहण्यासारखं आहे. डायमंड कंपनीचं चार आसनी विमान समोर उभं असतं, पण कोणी थेट आत बसत नाही. आधी विमानाभोवती एक फेरी. पंखाखालच्या झडपेतून पारदर्शक पेल्यात थोडं इंधन काढायचं आणि उजेडात धरायचं; तळाशी पाण्याचा थेंब दिसला तर पुन्हा काढायचं. दांडी ओढून तेलाची पातळी पाहायची. पंख्याच्या पात्याच्या कडेवरून नजर फिरवायची, कुठे खाच पडली आहे का. पंखांचे आणि शेपटीचे हलते भाग हलवून बघायचे. हवेचा दाब घेणाऱ्या बारीक नळीचं तोंड तपासायचं, कारण कुंभारीण माशी रात्रीत तिथे मातीचं घर करते आणि मग वेगमापक खोटं बोलू लागतो. टायर, ब्रेक, दिवे. मग हवामानाचा अहवाल, वाऱ्याची दिशा, नियंत्रण मनोऱ्याची परवानगी. यादी पाठ असली तरी कागद हातात धरून वाचायची, हा दंडक. हॅरी ब्रुक्सच्या टोपणातली काडी अशाच फेरीत सापडली असती.

व्यावसायिक वैमानिकाचा परवाना मिळवायला आपल्याकडे २०० तास उड्डाण करावं लागतं. त्याआधी हवामानशास्त्र, दिशाशोधन, नियम यांच्या परीक्षा, शिवाय वैद्यकीय तपासणी. आता कल्पना करा, की गोंदियाच्या गल्लीत प्रत्येक दारापुढे एक उडणारी मोटार उभी आहे आणि माणूस सकाळी राइस मिलवर जायच्या घाईत आहे. ही फेरी कोण घालणार? इंधनातलं पाणी कोण पाहणार? दुचाकीची हवा आठवड्यात एकदा पाहायलाही आपण टाळाटाळ करतो. म्हणून उडत्या मोटारीची पहिली खरी अडचण तिचा मालक ही आहे. प्रत्येक मालकाला वैमानिक करता येत नाही, आणि यंत्राने स्वतःच उडायचं ठरवलं तर त्या यंत्रावर विश्वास ठेवण्याइतकी कसोटी अजून झालेली नाही.

तार, डोंगर आणि ऊन

२६ एप्रिल २०१७ रोजी बिरसीहून उडालेलं एक प्रशिक्षण विमान वैनगंगेत कोसळलं. महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशच्या सीमेवर नदीच्या पात्रावर ताणलेल्या तारेला ते धडकलं होतं. प्रशिक्षक आणि शिकाऊ वैमानिक दोघंही गेले. १८ मार्च २०२३ रोजी बिरसीहून निघालेलं दुसरं विमान बालाघाट जिल्ह्याच्या डोंगराळ जंगलात पडलं. त्यातलेही दोघं वाचले नाहीत. प्रशिक्षित माणसं, देखभाल झालेली विमानं, आणि तरीही.

उंचावर गेलेल्या विमानाला आकाश मोकळं मिळतं. धोका जमिनीजवळ असतो. आणि उडत्या मोटारीचा सगळा संसार जमिनीजवळच मांडायचा आहे. विजेच्या तारा, मोबाइलचे मनोरे, नदीवरचे दोर, संक्रांतीचे पतंग यांच्यातूनच तिला वाट काढायची. गोंदिया हा तलावांचा जिल्हा, सारसांचा जिल्हा. हिवाळ्यात नवेगाव बांधसारख्या तलावांवर पाहुणे पक्षी उतरतात. सहा फुटांपर्यंत उंच भरणारा सारस धानाच्या शेतातून उडतो तेव्हा फार वर जात नाही. तोही त्याच पट्ट्यात असतो जिथे उडती मोटार जाणार.

त्यात विदर्भाचा उन्हाळा. हवा तापली की विरळ होते. पारा ४५ अंशांवर गेला की १५ अंशांच्या मानाने हवेची घनता सुमारे १० टक्क्यांनी घटते. पंखाला उचल कमी मिळते, इंजिनाचा दम कमी पडतो, विमानाला उडायला जास्त धावपट्टी लागते. लांब धावपट्टी असेल तर हे निभावतं. पण धावपट्टीच नको, उभ्या उभ्या वर चढतो, असं म्हणणाऱ्या यंत्राला ही सवलत नाही. त्याला लागणारी जादा ताकद पंख्यांतूनच काढावी लागते.

गच्चीवरचं विमान

यंत्र तयार झालं तरी ते उडवायची मुभा मिळणं ही वेगळी लढाई असते. मुंबईत कांदिवलीच्या चारकोपमध्ये कॅप्टन अमोल यादव यांनी इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. आधीचे दोन प्रयत्न फसल्यावरही त्यांनी हे काम सोडलं नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईच्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात ते मांडण्यासाठी त्याचे भाग सुटे करून गच्चीवरून खाली आणावे लागले. घरगुती विमानाची नोंद कोणत्या नियमाखाली करायची, यावर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे प्रकरण रेंगाळलं. २०१७ मध्ये नोंदणी झाली, २०१९ मध्ये उड्डाणाचा परवाना मिळाला आणि २०२० मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवरून ते विमान हवेत गेलं.

मराठी माणसाच्या जिद्दीची ही गोष्ट अभिमानाने सांगावी अशीच आहे. पण तिच्यातला शेवटचा तपशील विसरू नये. विमान गच्चीवर घडलं, पण उडालं ते धुळ्यात, कारण तिथे धावपट्टी होती. जगात इतरत्रही हेच दिसतं. स्लोव्हाकियातल्या श्टेफान क्लाइन यांची एअरकार जून २०२१ मध्ये नित्रा ते ब्रातिस्लाव्हा हे अंतर ३५ मिनिटांत उडाली आणि उतरल्यावर तीन मिनिटांच्या आत पंख मिटून मोटार झाली. २०२२ च्या जानेवारीत तिला उड्डाणयोग्यतेचं प्रमाणपत्र मिळालं. आजवरच्या उडत्या मोटारींत तिची कामगिरी मोठी. तीही विमानतळावरून उडाली आणि विमानतळावरच उतरली.

तिकिटाचं गणित

१३ मार्च २०२२ रोजी बिरसीहून पहिली नियमित प्रवासी सेवा सुरू झाली. फ्लायबिग कंपनीचं विमान इंदूर, गोंदिया, हैदराबाद असं जाऊ लागलं. केंद्राच्या उडान योजनेत अशा मार्गांवर काही जागांच्या भाड्याला मर्यादा असते आणि कंपनीची तूट काही काळ सरकार भरून देतं. तेवढं असूनही काही महिन्यांतच ही सेवा थांबली. गोंदियाकरांची पुन्हा नागपूरची वाट सुरू झाली. १ डिसेंबर २०२३ पासून इंडिगोने हैदराबाद-तिरुपतीकडे जाणारी सेवा सुरू केली.

धावपट्टी ८० वर्षांपूर्वीची, विमानं जगन्मान्य, वैमानिक तयार, प्रवासी उत्सुक. तरी सेवा टिकवणं इतकं कठीण. विमान रोज भरायला हवं, त्याची देखभाल वेळेवर व्हायला हवी, एका ठिकाणचा बिघाड दुसऱ्या ठिकाणच्या विमानाने सावरता यायला हवा. उद्या पाच माणसं बसतील एवढी हवाई टॅक्सी आली तर हा सगळा खर्च सत्तरऐवजी चार-पाच तिकिटांत वाटला जाणार, हे ध्यानात ठेवलं पाहिजे.

अशा विजेवर चालणाऱ्या, उभ्या उडणाऱ्या टॅक्सींचा गवगवा गेली काही वर्षं जगभर आहे. इंडिगोशी संबंधित इंटरग्लोब समूह आणि अमेरिकेची आर्चर कंपनी यांनी नोव्हेंबर २०२३ मध्ये दिल्लीच्या कॅनॉट प्लेसहून गुरुग्रामला सात मिनिटांत नेण्याची योजना जाहीर केली. २०२४ मध्ये महासंचालनालयाने अशा यंत्रांच्या तळांसाठी मार्गदर्शक सूचनाही काढल्या. पण त्याच वर्षी युरोपचा अनुभव कडू ठरला. पॅरिस ऑलिंपिकमध्ये प्रवासी नेण्याचा व्होलोकॉप्टरचा बेत प्रमाणपत्राअभावी राहून गेला, आणि वर्ष संपण्याआधी व्होलोकॉप्टर व लिलियम या दोन्ही जर्मन कंपन्यांनी दिवाळखोरीचे अर्ज केले.

या टॅक्सींची मूळ अडचण बॅटरीची. एक किलो पेट्रोलमध्ये सुमारे १२,००० वॅट-तास ऊर्जा असते. चांगल्या लिथियम बॅटरीत किलोमागे २५० ते ३००. विजेची मोटर इंजिनापेक्षा कितीतरी काटकसरी, हे धरूनही दहा-पंधरा पटींचा फरक उरतोच. इंधन जळतं तसं विमान हलकं होत जातं, बॅटरी मात्र रिकामी झाली तरी तेवढीच जड. वर उभ्याने चढताना सर्वांत जास्त ताकद खर्च होते. शिवाय नियम सांगतो, की दिवसा उघड्या हवामानात उडणाऱ्या विमानालाही साधारण अर्ध्या तासाचं इंधन राखून ठेवावं लागतं. ज्या यंत्राचं एकूण उड्डाणच पाऊण-एक तासाचं, त्याने अर्धा तास राखून ठेवल्यावर जाणार किती लांब?

गोंदियाने काय मागावं

म्हणून हे स्वप्न सोडून द्यावं, असं मी म्हणणार नाही. सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगाव या भागांतल्या गावांहून गोंदियाच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयापर्यंत किंवा नागपूरपर्यंत पोहोचताना वाटेत गेलेला वेळ एखाद्या बाळंतिणीला किती महाग पडतो, हे इथल्या माणसाला सांगायला नको. सर्पदंश, अपघात, वैनगंगेचा पूर, तुटलेले रस्ते यांच्यासाठी हवेतून जाणारं छोटं यंत्र खरोखर कामाचं ठरेल. श्रीमंताची दहा मिनिटं वाचवण्याआधी त्याने रुग्णाचा तास वाचवावा.

पण त्यासाठी गोंदियाने यंत्राची वाट पाहत बसायचं कारण नाही. करायची कामं आजची आहेत आणि बिरसीचा इतिहास ती सांगतो. नदीवरच्या आणि दऱ्यांमधल्या तारांची नोंद करून त्यांवर लांबून दिसणारे रंगीत गोळे बसवावेत. तालुक्याच्या रुग्णालयांशेजारी पावसाळ्यातही टिकेल असा पक्का, मोकळा चौथरा राखून ठेवावा, म्हणजे आज तिथे हेलिकॉप्टर उतरेल. हवामान मोजणारी केंद्रं जंगलपट्ट्यातही वाढवावीत. बिरसीत वैमानिक घडतात. त्यांच्या जोडीला जिल्ह्यातली मुलं विमानाची देखभाल करणारे तंत्रज्ञ म्हणूनही इथेच घडावीत. आणि प्रवासी सेवा पुन्हा खंडित होऊ नये यासाठी जिल्ह्याने आवाज चढता ठेवावा.

यातलं प्रत्येक काम उडणारी मोटार आली नाही तरी उपयोगी पडणारं आहे, आणि आली तर तिला याच सगळ्याची गरज पडणार आहे. शंभर वर्षांत उडत्या मोटारी घडवणाऱ्यांनी बुद्धी, पैसा आणि प्राणही पणाला लावले. कमी पडली ती उडण्याआधीची आणि उतरल्यानंतरची तयारी. ही तयारी कोणत्याही कंपनीच्या जाहिरातीतून येत नाही. ती जिल्ह्याला, राज्याला, सरकारी खात्यांना वर्षानुवर्षं नेटाने करावी लागते, आणि ती सुरू करण्यासाठी नव्या शोधाची नव्हे, निर्णयाची गरज आहे.